कळवायचे शिक्षकाने, तपास पोलिसांनी



वाडीवरच्या दोनशिक्षकी शाळेत कोण उपाशी आले, कोण रात्रभर रडले, हे बाईंना हजेरी घेतानाच कळते. हसरे पोर अचानक गप्प झाले, घरी जायला नको म्हणू लागले, तर तेही पहिल्यांदा त्यांच्याच नजरेला पडते. पुढे काय करायचे, यासाठी चंदगडातील शिक्षकांची ही परिषद आहे.

ऑगस्ट २०२४ मध्ये बदलापूरच्या एका शाळेत अवघ्या चार वर्षांच्या दोन मुलींवर लैंगिक अत्याचार झाला. पालकांना तक्रार नोंदवण्यासाठी पोलीस ठाण्यात तासन् तास थांबावे लागले. २० ऑगस्टला लोक रेल्वे रुळांवर उतरले. मुंबई उच्च न्यायालयाने स्वतःहून दखल घेतली आणि प्रकार कळल्यावरही शाळेने पोलिसांना का कळवले नाही, यावर बोट ठेवले.

हे कळवणे बंधनकारकच आहे. बालकांवरील लैंगिक गुन्ह्यांविरुद्धचा पोक्सो कायदा १४ नोव्हेंबर २०१२ पासून लागू आहे. त्याचे कलम १९ सांगते, की लैंगिक गुन्हा घडल्याचे कळले किंवा घडेल अशी भीती वाटली, तरी पोलिसांना कळवलेच पाहिजे. न कळवल्यास सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दंड. संस्थाप्रमुखाला एक वर्षापर्यंत. मुख्याध्यापकांच्या कानावर घातले म्हणून शिक्षकाची जबाबदारी संपत नाही.

खरी अडचण मात्र कायद्याच्या अज्ञानापेक्षा मोठी आहे. ‘गावातच मिटवू’, ‘पोरीचे नाव खराब होईल’, ‘आधी खात्री करू’. खात्री करणे हे शिक्षकाचे कामच नाही! लेकराला पुन्हा पुन्हा विचारू नये, संशयितासमोर तर उभे करूच नये. जे सांगितले ते त्याच्याच शब्दांत लिहून ठेवावे. सद्भावनेने दिलेल्या माहितीला कलम १९ संरक्षण देते. मुलाची ओळख उघड करायलाही कायद्याने बंदी आहे. जबाबही शक्यतो महिला पोलीस अधिकारी, गणवेशाविना, मुलाच्या घरी घेते.

चंद्रपूर जिल्ह्यातील राजुऱ्याच्या वसतिगृहातील मुलींवरील लैंगिक अत्याचाराच्या प्रकरणात पोलिसांना न कळवल्याचा आरोप एका डॉक्टरवर होता. उच्च न्यायालयाने रद्द केलेला तो गुन्हा सर्वोच्च न्यायालयाने २ नोव्हेंबर २०२२ रोजी कायम केला. तत्काळ कळवणे हा या कायद्याचा गाभा आहे, असेच त्या निकालाने ठरवले.

सत्रे सुरू होण्याआधी प्रत्येकाने आपल्या पोलीस ठाण्याचा क्रमांक आणि बालकांच्या मदतीसाठीचा १०९८ वहीत टिपून घ्यावा, आणि उद्या शाळेत हे दोन्ही क्रमांक मुलांना वाचता येतील अशा उंचीवर लावावेत, ही स्वागत समितीची विनंती.