गर्भाशयाचें आरोपण

लग्नाला चार वर्षें होऊनहि ज्या घरांत पाळणा हलत नाहीं, त्या घरांत दोष कोठें आहे हें पाहण्यापूर्वींच तो सुनेच्या माथीं मारण्याची रीत जुनी आहे. नवससायास होतात, अंगारे-धुपारे होतात, आणि अखेर एखाद्या मंगलकार्यांत तिचीच ओटी भरावयाची राहून जाते. "वांझ" हा एकच शब्द अनेक निरनिराळ्या व्याधींना, आणि पुष्कळदां पतीच्या व्याधीलाहि, सरसकट लावला जातो. वैद्यकशास्त्रानें या एका शब्दाची फोड करून बहुतेक कारणांवर कांहीं ना कांहीं इलाज शोधिला. एक कारण मात्र दीर्घकाळ निरुपाय राहिलें. तें म्हणजे गर्भाशयच नसणें.

सुमारें साडेचार ते पांच हजार मुलींमध्यें एक मुलगी गर्भाशयावांचून जन्मास येते. तिचे बीजांडकोश शाबूत असतात, वाढहि इतर मुलींसारखीच होते. वयांत आल्यावर ऋतु प्राप्त होत नाहीं, तेव्हां हें उमगतें. आणखी कांहीं स्त्रियांचा गर्भाशय कर्करोगामुळें किंवा बाळंतपणांतील रक्तस्रावामुळें काढावा लागलेला असतो.

अशा स्त्रीस दुसरीचा गर्भाशय बसविण्याचा एक प्रयत्न २००० सालीं सौदी अरबस्तानांत झाला. परंतु रक्तवाहिनींत गुठळी होऊन तो सुमारें तीन महिन्यांनीं काढावा लागला. पुढें स्वीडनमधील गोथेनबर्ग येथें डॉ. मॅट्स ब्रेनस्ट्रॉम यांनीं प्राण्यांवर अनेक वर्षें प्रयोग करून मगच स्त्रियांवर ही शस्त्रक्रिया केली. सप्टेंबर २०१४ मध्यें आरोपित गर्भाशयांतून जगांतील पहिलें मूल जन्मलें. श्रोत्यांना आश्चर्य वाटेल, पण गर्भाशय देणारी स्त्री ६१ वर्षांची होती.

भारतांतील पहिलें आरोपण १८ मे २०१७ रोजीं पुण्यांतील गॅलॅक्सी केअर रुग्णालयांत डॉ. शैलेश पुणतांबेकर यांच्या पथकानें केलें. एका आईनें आपल्या मुलीस गर्भाशय दिला. ज्यांत ती मुलगी स्वतः वाढली होती, तोच तिला लाभला. दुसऱ्याच दिवशीं तेथें आणखी एक आरोपण झालें. १८ ऑक्टोबर २०१८ रोजीं त्याच रुग्णालयांत गुजरातेंतील एका स्त्रीला आरोपित गर्भाशयांतून कन्या झाली. तिलाहि गर्भाशय तिच्या आईनेंच दिला होता. मुदतीपूर्वीं जन्मलेल्या त्या मुलीचें वजन दीड किलोहून किंचित् कमी होतें.

यांतील कठीण काम म्हणजे देणाऱ्या स्त्रीचा गर्भाशय त्याच्या बारीक रक्तवाहिन्यांसह सोडवून घेणें. मूत्रवाहिन्या त्यांना अगदीं लगटून असतात. पुण्यास हें काम दुर्बिणीच्या साहाय्यानें करण्यांत आलें. बीजवाहक नलिका जोडीत नसल्यामुळें गर्भ शरीराबाहेर तयार करून गोठवून ठेवितात, आणि आरोपणानंतर कांहीं महिन्यांनीं तो आंत सोडतात. मज्जातंतू जोडलेले नसल्यानें कळा जाणवत नाहींत. प्रसूति पोट उघडूनच होते. शरीरानें परका अवयव झिडकारूं नये म्हणून रोज औषधें घ्यावीं लागतात, आणि त्यांच्यामुळें रोगप्रतिकारशक्ति मंदावते, मूत्रपिंडांसहि अपाय होऊं शकतो. यास्तव एक-दोन अपत्यें झाल्यावर गर्भाशय काढून टाकतात. मूत्रपिंड जन्मभर टिकावें म्हणून बसवितात; हा अवयव मात्र आपलें काम आटोपून परत जाण्यासाठींच येतो.

याचा अर्थ असा कीं, एका अपत्यासाठीं दोन स्त्रिया शस्त्राखालीं जातात, आणि त्यांतील एकीस तर कोणताच आजार नसतो. शस्त्रक्रिया न केल्यानें कोणाचा प्राण जात नाहीं. म्हणून येथें पहिला प्रश्न असा, कीं इच्छा त्या स्त्रीची आहे, कीं घराची? मुलीचा संसार मोडेल या भीतीनें पुढें आलेली आई खरोखर "नाहीं" म्हणूं शकते काय? १९९४ च्या कायद्यानें अवयवांची विक्री बंद केली. परंतु मायेचें दडपण मोजण्याचें माप कोणत्याहि कायद्यापाशीं नाहीं. दत्तक घेण्याचा मार्गहि खुला आहे, हें त्या घरानें तिला आधीं मोकळ्या मनानें सांगितलें पाहिजे.

नंदुरबार जिल्ह्यांतील ब्राह्मणपुरीसारख्या गांवाहून पुणें शेंकडों किलोमीटर दूर आहे. परंतु बहुसंख्य निपुत्रिक जोडप्यांना इतक्या दूर जाण्याचें कारणच नसतें. आपल्या देशांत क्षयरोग कित्येकदां कोणतेंहि लक्षण न दाखवितां स्त्रीच्या नलिकांत व गर्भाशयाच्या अस्तरांत शिरतो आणि दोहोंचा नाश करतो. तो वेळींच ओळखला तर कांहीं महिन्यांच्या औषधांनीं आटोक्यांत येतो, आणि तीं औषधें सरकारी दवाखान्यांत विनामूल्य मिळतात. पतीच्या वीर्याची तपासणी तर सर्वांत सोपी. नेमकी तीच सर्वांच्या शेवटीं होते. ब्राह्मणपुरीच्या सुनेला पुण्याच्या शस्त्रक्रियेआधीं हवी आहे ती ही साधी तपासणी, आणि त्या वेळीं दवाखान्याच्या बाकावर शेजारीं बसलेला नवरा.