ब्रूगेलचा ‘उदास दिवस’ : चित्रातला वसंतारंभ

थोरल्या पीटर ब्रूगेलच्या ‘उदास दिवस’ या चित्रात फुलांचा बहर नाही, झाडांना पालवीही नाही. तरीही ते वसंताच्या चाहुलीचेच चित्र आहे. अँटवर्पचा व्यापारी निक्लास योंगेलिंक याच्यासाठी ब्रूगेलने १५६५ साली ऋतुचित्रांची माला रंगवली. तिच्यातली पाच चित्रे आज उरली आहेत. हे फेब्रुवारी-मार्चचे चित्र व्हिएन्नाच्या कुन्स्टहिस्टोरिशेस संग्रहालयात आहे.

पाहायला सुरुवात उजव्या खालच्या कोपऱ्यातून करावी. तिथे माणसे विलोची झाडे छाटत आहेत. विलो म्हणजे आपल्याकडच्या वाळुंजाच्या कुळातले झाड. कोणी कोयता चालवतो आहे, कोणी पडलेल्या काड्यांच्या मोळ्या बांधतो आहे. खोडात रस चढून डोळे फुटायच्या आत हे काम उरकावे लागते. छाटलेल्या माथ्यातून पुढे लांब, लवचीक काड्या निघतात. त्यांच्या टोपल्या विणतात, कुंपणे करतात. शेतकऱ्याला ऋतू कळतो तो असा, हातातल्या कामावरून, आणि ब्रूगेलने नेमके तेच टिपले आहे.

शेजारीच एक माणूस वाफल खातो आहे आणि एका मुलाच्या डोक्यावर कागदी मुकुट आहे. ही कार्निव्हलची खूण. ईस्टरपूर्वीचे उपवास लागण्याआधीचा हा सण गोव्यातही साजरा होतो.

मग रंग पाहावेत. माती, खोडे, घरांची छपरे सगळी तपकिरी. पण त्या तपकिरीत तांबूस ऊब आहे. याच संग्रहालयातल्या ‘बर्फातले शिकारी’मध्ये गोठलेला पांढरा-हिरवा गारठा आहे, इथे बर्फ मागे हटून दूरच्या डोंगरांवर गेला आहे. सपाट नेदरलँड्समध्ये असे डोंगर नाहीत. ते ब्रूगेलने इटलीच्या प्रवासात, आल्प्स ओलांडताना पाहिलेले.

डावीकडे मात्र नदी खवळली आहे, गलबते फुटली आहेत. वादळ आणि छाटणी एकाच आभाळाखाली, एकाच दिवशी चालू आहेत. ऋतुबदलाचे इतके खरे चित्रण युरोपीय कलेत क्वचितच सापडते.

मूळ लाकडी फलक सुमारे ११८ सेंटिमीटर उंच आणि १६३ सेंटिमीटर रुंद आहे. लहान छपाईत तो काळपट उमटतो आणि बारीक फांद्या एकमेकींत मिसळून जातात. म्हणून शक्य तेवढी मोठी प्रत मिळवावी आणि ती भरपूर उजेडात, सावकाश पाहावी.