सात खंजेऱ्या, दोन हात



वऱ्हाडातल्या गावात संध्याकाळी कुणी विचारतं, "आज कोनाचं कीर्तन हाय?" उत्तर "सत्यपालचं" असं आलं, की विचारणाराही चपला पायात सरकवतो. अकोला जिल्ह्यातल्या अकोटचे सत्यपाल महाराज कित्येक वर्षं असे मंडप भरवत आले आहेत. दारू, हुंडा, बुवाबाजी यांवरचे त्यांचे तडाखे लोकांना पाठ आहेत. 'सप्तखंजेरीवादक' हे बिरुद आपण पत्रिकेवर छापतो आणि बोलतो मात्र प्रबोधनावरच. मी आज त्यांच्या हातांविषयी बोलणार आहे.

खंजेरी म्हणजे हातात मावणारं लाकडी कडं, एका अंगाला ताणून बसवलेलं कातडं. पावसाळी हवेत कातडं सैल पडतं, आवाज बसतो, मग ते शेकावं लागतं. एक खंजेरी सांभाळणंही जिकिरीचंच. इथे तर सात. दोन्ही हात त्यांवरून फिरत असतात आणि तोंड चालूच! गाणं, नकला, मधेच पुढच्या रांगेतल्या एखाद्या पुढाऱ्याला शालजोडीतला. ठेका मात्र तुटत नाही. वाक्य संपतं, थाप पडते आणि मग मंडप हसतो. हशा कुठे पिकवायचा, हे तालच ठरवतो.

हा ठेका वऱ्हाडच्याच मातीतला. यावलीचे तुकडोजी महाराज खंजेरीवरच भजनं म्हणत.  श्रोत्यांना प्रश्न विचारून त्यांच्याच तोंडून उत्तर काढायची लकब गाडगेबाबांची. सत्यपाल महाराजांनी दोन्ही उचललं आणि एका खंजेरीच्या सात केल्या.

मे २०१७ मध्ये मुंबईत कार्यक्रमाच्या ठिकाणी त्यांच्यावर चाकूहल्ला झाला. त्यातून सावरून ते पुन्हा कीर्तनाला उभे राहिले.

अमेरिकेत ब्लूज हे लोकसंगीत गाणाऱ्यांच्या गिटारवरच्या बोटांचा अभ्यास होतो, पुस्तकं निघतात. आपल्या विद्यापीठांनीही खंजेरीचे बोल कागदावर उतरवायला हवेत, असं माझं स्पष्ट मत आहे.

तोवर तुम्ही एक करा. घरात खंजेरी भजनाच्या, कीर्तनाच्या जुन्या कॅसेट असतील, तर त्या भंगारवाल्याला देऊ नका. आधी मोबाईलवर उतरवून घ्या.