कागदाची वरची बाजू
(वेवजी येथील स्नेहमेळाव्यात एका शिक्षिकेने केलेले भाषण)



‘कला, सौंदर्य आणि आपले रोजचे जगणे’ हा विषय मला दिला, तेव्हा आधी धास्तीच वाटली. मी चित्रकार नाही. मराठी आणि गणित शिकवते. चित्रकलेचा तास कुणाकडे नसतो म्हणून माझ्याकडे येतो. तेव्हा जे पाहिले तेवढेच सांगते, आणि सुरुवात माझ्या एका चुकीपासून करते.

काही वर्षांपूर्वी पाचवीच्या वर्गाला मी निसर्गचित्र काढायला सांगितले. फळ्यावर नमुना दिला : दोन डोंगर, मधून उगवणारा सूर्य, खाली नदी, काठावर झोपडी. तुम्ही-आम्ही सगळ्यांनी लहानपणी काढलेले तेच चित्र. एका मुलीने त्यातले काहीच काढले नाही. तिच्या कागदावर मधोमध तारपावाला होता, भोवती नाचणाऱ्यांचे वेटोळे. एका कडेला भात कांडणारी बाई, कोंबडी आणि पिल्ले, ताडावर चढलेला माणूस, मुंग्यांची रांग. कुणाचे डोके वर, कुणाचे आडवे, कुणाचे चक्क खाली. मी कागद दोनदा फिरवून पाहिला. “अगं, याची वरची बाजू कुठली?” ती गप्प. मी दहापैकी तीन गुण दिले आणि लाल शाईने लिहिले, ‘नीट काढ.’

त्यानंतर नोव्हेंबर २०१८ मध्ये डहाणू-तलासरीत भूकंपाचे धक्के सुरू झाले. ते दिवस तुम्हाला आठवत असतील. धुंदलवाडीचे नाव सारखे वर्तमानपत्रात यायचे आणि माणसे ऐन थंडीत घराबाहेर झोपायची. वर्गात मुले कमी झाली, म्हणून मी पाड्यांवर फिरू लागले. अशीच त्या मुलीच्या घरी गेले.

घर कुडाचे. आतल्या कारवीच्या काठ्या हलल्या होत्या, पण उभ्या होत्या. वरचा माती-शेणाचा लेप मात्र तडकला होता. मुलीची आजी घमेले घेऊन भिंत सारवत बसली होती. मी म्हटले, “आजी, आज रात्री पुन्हा हललं तर?”

“तर उद्या पुन्हा सारवीन. काल झाडलं म्हणून आज अंगण झाडायचं राहतं का, बाई?”

मी तिथेच बसले. तिचा हात फिरेल तसे बोटांचे अर्धगोल उमटत होते, एकात एक गुंतलेले, सगळे सारख्या मापाचे. कुणी पाहायला येणार होते म्हणून नव्हे. कोपऱ्यात मुलाच्या लग्नातला चौक अजून पुसट दिसत होता. आजीचा हात त्याच्यापर्यंत आला आणि त्याच्यावरूनही फिरला. मी जवळजवळ ओरडलेच, “आजी, तो राहू द्या!” ती हसली. लग्न झाले, नातवंडे झाली, चौकाचे काम कधीच संपले होते.

ज्यांना ठाऊक नाही त्यांच्यासाठी थोडे सांगते. वारली घरात लग्नाच्या वेळी सुवासिनी चौक लिहितात. हो, ‘लिहितात’ असेच म्हणतात, ‘काढतात’ नाही. तांदळाचे पीठ पाण्यात कालवायचे, बांबूच्या काडीचे टोक चावून मऊ करायचे, बस्स. धवलेरी गाणी म्हणते, आणि त्याशिवाय लग्न पुढे सरकत नाही. पुढे १९७०च्या दशकात भास्कर कुलकर्णी या भागात कागद आणि रंग घेऊन आले आणि हे चित्र भिंतीवरून कागदावर आले. जिव्या सोमा मशे यांनी ते जगभर नेले. २०११ साली त्यांना पद्मश्री मिळाली, आणि मे २०१८ मध्ये, भूकंपाच्या थोडेच आधी, ते गेले. त्यांच्याबद्दल मला फार आदर आहे. तरी एक गोष्ट बोलून टाकते : ज्या बायकांनी पिढ्यान्पिढ्या चौक लिहिले, त्यांतल्या एकीचेही नाव मला सांगता येणार नाही.

आता तुमच्यापैकी काहींच्या मनात जो प्रश्न असेल, तो माझ्याही मनात आहे. चौकाच्या मध्यभागी पालघाट देवी असते. आपण ख्रिस्ती माणसांनी त्याचे कौतुक कसे करायचे? आपल्या मंडळीतल्या घरांत चौक लिहीत नाहीत, ते मी समजू शकते. पण चौकाबरोबर मोर, ताड, मुंग्या आणि कांडणारी बाईही भिंतीवरून गेली, आणि तिथे सिमेंट कंपनीचे कॅलेंडर आले, हे मला खुपते. निर्गमाच्या पुस्तकात देव बसालेलाला आपल्या आत्म्याने भरतो, तो हातांच्या कारागिरीसाठी. मग आजीच्या हातांविषयी मी काय म्हणावे? याचे पक्के उत्तर माझ्यापाशी नाही. पाळकसाहेबांनी कधीतरी यावर बोलावे, अशी विनंती करते.

आपल्याच डहाणू तालुक्यात, कोसबाडच्या टेकडीवर, ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी पाने, बिया, शिंपले, खडे घेऊन मुलांना शिकवले. हे मी परीक्षेसाठी पाठ केले होते आणि त्यावर चांगले गुणही मिळवले होते. वर्गात उभी राहिले तेव्हा मात्र फळ्यावर दोन डोंगर काढले.

त्या दिवशी निघताना मी मुलीकडे ते जुने चित्र मागितले. गुण बदलायचे मनात होते.

“ते चुलीत घातलं, बाई.”

कुणी घातले, ते मी विचारले नाही. पिशवीतून एक कोरा कागद काढून दिला. तिने तो ओल्या सारवणापासून दूर, अंगणात ठेवला, चार कोपऱ्यांवर चार खडे ठेवले आणि माझ्याकडे पाहून विचारले, “बाई, वरची बाजू कुठली धरू?”

मला पटकन बोलता आले नाही. “तू कुठे बसणार आहेस?” एवढेच विचारले.

ती सांगेना. कागदाच्या मधोमध तिने तारपावाला काढला. मग उकिडवी सरकत, कागदाभोवती फिरत, एकेक नाचणारा काढत गेली. वेटोळे पुरे होईपर्यंत ती माझ्या बाजूला आली होती. मला म्हणाली, “सरका थोडं, बाई.” मी सरकले.