शाळेची सुटी आणि दोघांची बोट



शिक्षकाची पत्नी शिक्षिका असली म्हणजे त्या दोघांस सुटी असूनहि ती मिळत नाहीं, हें मी अनुभवानें सांगूं शकतों. आम्हां दोघांचीं तीस-बत्तीस वर्षें शाळेंत गेलीं. मी चार वर्षांपूर्वीं मोकळा झालों. आमच्या सौभाग्यवतींच्या नोकरीचीं मात्र अद्याप दोन वर्षें शिल्लक आहेत. तेव्हां परगांवीं जावयाचें तर दिवाळींत किंवा मे महिन्यांत, आणि नेमकीं त्याच दिवसांत साऱ्या महाराष्ट्रांतील मुलें आपापल्या आईबापांस घेऊन बाहेर पडतात. अशा बांधलेल्या सुटींत दोघांनींच आगबोटीची सफर करावयाची झाली तर बोट कशी निवडावी, याविषयीं आज मी बोलणार आहें. हल्लीं तिला क्रूझ म्हणतात. माझ्या लहानपणीं आम्ही मुंबईहून कोंकणबोटीनें रत्नागिरीस जात असूं. तेथें निवडण्यासारखें कांहीं नसे. वळकटी टाकावयास वाऱ्याची जागा मिळाली कीं झालें.

पहिली निवड मीं चुकीची केली, हें आधींच कबूल करतों. तीन वर्षांपूर्वीं दिवाळीच्या सुटींत मुंबईहून सुटणाऱ्या एका बोटीचें दोन रात्रींचें तिकीट मीं काढलें. दर पाहिला, तारीख पाहिली. त्या आठवड्यांत कोणत्या राज्यांतील शाळा बंद आहेत तें पाहिलें नाहीं. महाराष्ट्र आणि गुजराथ या दोन्हीं राज्यांतील मुलें मोकळीं होतीं, आणि त्यांतील बहुतेक आमच्याच बोटीवर आलीं असावींत. पोहण्याच्या हौदांत पाण्यापेक्षां मुलें अधिक. दुसऱ्या दिवशीं जेवणाच्या दालनांत दोन मुलगे एका बशीवरून झोंबूं लागले. त्यांचे आईबाप कोठें दिसेनात. आमच्या मंडळींनीं सवयीनें उठून दोघांचे हात धरले. त्यांतील एकानें वर पाहिलें आणि तो म्हणाला, "बाई, मीं नाहीं, ह्यानें आधीं ओढलें!" त्यानें त्यांना पूर्वीं कधींहि पाहिलेलें नव्हतें. घरीं परततांना त्या एवढेंच म्हणाल्या, "अहो, आपण शाळेची सहल काढली होती काय?"

तेव्हांपासून मीं या विषयाचा थोडा अभ्यास केला. बोटीचें भाडें एका खोलींत दोघे धरून माणशीं ठरतें. त्याच खोलींतील तिसऱ्या-चौथ्या बिछान्यावरील मुलांना पुष्कळ कंपन्या मोठी सवलत देतात, केव्हां केव्हां फुकटहि नेतात. ही जाहिरात दिसली कीं ती बोट कुटुंबांनीं भरणार हें उघड आहे. बोटीचा नकाशा मागून घ्यावा. त्यांत मुलांच्या खेळाचें दालन आणि घसरगुंड्या दिसल्या तर काय समजावयाचें तें समजावें. दोन-तीन रात्रींच्या सफरींत मुलें फार. दहा रात्रींच्या सफरींत पुष्कळ कमी.

मुलांना मुळींच न घेणाऱ्या बोटीहि आहेत. इंग्लंडमधील पी अँड ओ कंपनीच्या आर्केडिया व ऑरोरा या बोटींवर अठरा वर्षांखालील प्रवाशांस प्रवेश नाहीं. व्हायकिंग कंपनीच्या समुद्रावरील बोटींचा, तसाच २०२१ सालीं सुरू झालेल्या व्हर्जिन व्हॉयेजेसच्या बोटींचाहि हाच नियम. हा शोध मीं मोठ्या उत्साहानें घरीं सांगितला. "मला मुलें नकोत असें मीं केव्हां म्हटलें?" त्या म्हणाल्या. "मला बाई म्हणणारीं नकोत."

या वाक्यानें माझ्या शोधाची दिशा बदलली. बोटीपेक्षां आधीं पंचांग पाहावें, आणि तें आपल्या शाळेचें नव्हे, तर बोट जेथून सुटते तेथील शाळांचें. इंग्लंडांतील मुलांस मे महिन्याच्या शेवटच्या आठवड्यांत लहान सुटी असते. मोठी सुटी जुलैच्या उत्तरार्धांत सुरू होऊन सप्टेंबरच्या आरंभीं संपते. स्कॉटलंडच्या आणि डेन्मार्कच्या शाळा जूनच्या अखेरीस बंद होतात. म्हणजे आपली शाळा मे महिन्यांत बंद झाली, कीं पुढले दोन-तीन आठवडे तिकडील घंटा नियमानें वाजत असतात. भाडेंहि तेव्हां जुलै-ऑगस्टपेक्षां हलकें असतें. सिंगापूरच्या बोटींचें तसें नाहीं. तेथील मुलांची सुटी मेअखेरीस लागत असली तरी मे महिन्यांत त्या बोटी आपल्याच देशांतील कुटुंबांनीं गजबजतात.

दिवाळीचें गणित दरवर्षीं नव्यानें मांडावें लागतें. २०२५ सालीं लक्ष्मीपूजन २१ ऑक्टोबरला होतें, २०२६ सालीं तें ८ नोव्हेंबरला आहे; आणि इंग्लंडांतील शरदांतील सुटी बहुधा ऑक्टोबरच्या शेवटच्या आठवड्यांत. विदर्भांतील शिक्षकांस आणखी एक सोय. त्यांच्या शाळा उन्हामुळें जूनच्या उत्तरार्धांत उघडत आल्या आहेत. त्या सुमारास पश्चिम समुद्र खवळलेला असतो, पण २०२३ च्या जूनमध्यें कॉर्डेलिया कंपनीची बोट चेन्नईहून श्रीलंकेस जाऊं लागली होती. तामिळनाडूंतील शाळा तोंवर बहुधा भरलेल्या असतात. यंदा बोट आहे कीं नाहीं तें मात्र विचारून घ्यावें.

खोलीविषयीं थोडें. ज्यांना बोट लागते त्यांनीं मध्यभागीं आणि खालच्या मजल्यावर खोली घ्यावी. तेथें हेलकावे कमी. हौदाच्या थेट खालची खोली घेऊं नये, पहाटेस डोक्यावर खुर्च्या ओढतात. जेवणाच्या दोन पाळ्या असतील तर दुसरी मागावी. लेंकुरवाळीं माणसें पहिलींत जेवून घेतात.

हें सारें जमल्यावर मला शहाणपण सुचलें. मीं म्हटलें, दोन वर्षें थांबूं. मग पंचांग नको, शाळा नको. सप्टेंबरांत स्वस्तांत जाऊं. सौभाग्यवतींनीं तपासावयास घेतलेल्या वह्या बाजूस ठेवल्या. "दोन वर्षांनीं मला सुटी लागणारच नाहीं, मग ती घेऊं कोठून?" मला आमच्या एका मित्राची आठवण झाली. निवृत्तीनंतर दोघांनीं काशीस जावयाचें त्यानें ठरविलें होतें. पुढें तो एकटाच गेला. मीं पुन्हां तो विषय काढला नाहीं.

येत्या मे महिन्याच्या मध्यावर कोपनहेगनहून सुटून नॉर्वेच्या किनाऱ्यानें जाणारी सात रात्रींची बोट आम्हीं धरली आहे. इंग्लंडांतून निघालों असतों तर तेथील व्हिसा निराळा लागला असता; डेन्मार्क व नॉर्वे दोहोंस एक शेंगेन व्हिसा पुरतो. त्या दिवसांत डोंगरावरील बर्फ वितळूं लागतें आणि गेरांगरच्या चिंचोळ्या खाडीवरील धबधबे भरूं लागतात. पारपत्रासाठीं छायाचित्रें काढून झालीं. सौभाग्यवतींची एकच अट आहे: जेवणाच्या टेबलावर कोणीं विचारलें तर आपण दोघे शिक्षक आहों हें सांगावयाचें नाहीं. मीं ती मान्य केली आहे. मग काय सांगावयाचें, तें अद्याप ठरलेलें नाहीं.