बाजाराचा काटा कोणाच्या हाती?



'सरकारने बाजारात हात घालू नये' हे वचन हल्ली फार ऐकू येते. ते खरे की खोटे, हे आम्ही मुंबईच्या गिरण्यांच्या इतिहासावर घासून पाहणार आहोत. कारण आम्हां युनियनवाल्यांची शाळा तीच.

१८८२ मध्ये खुल्या व्यापाराचे नाव घेऊन इंग्रज सरकारने विलायती कापडावरील जकात उठविली. फावले ते लँकेशायरच्या गिरणीवाल्यांचे. पुढे तिजोरीत खडखडाट झाला आणि जकात परत आली. १८९६ मध्ये ती साडेतीन टक्के ठरली. पण येथल्या गिरण्यांच्या कापडावरही तितकाच अबकारी कर बसला! आमच्या मालकांनी ओरड केली, ती रास्तच होती. मात्र कामाचे तास कायद्याने बांधा म्हटले, की याच मालकांना तो धंद्यावरचा घाला वाटे. नारायण मेघाजी लोखंडे यांनी १८८४ मध्ये साडेपाच हजार कामगारांच्या सह्यांचे निवेदन देऊन आठवड्याची एक सुट्टी मागितली. ती मिळण्यास १८९० साल उजाडले, आणि १८९१ च्या कायद्याने ती पक्की झाली.

सरकार मध्ये पडले की कामगाराचे भलेच होते, असे मात्र आम्ही म्हणत नाही. १९४६ च्या मुंबई औद्योगिक संबंध कायद्याने एका धंद्यात एकच प्रातिनिधिक युनियन मानली. १९८२ च्या जानेवारीत सुमारे अडीच लाख गिरणीकामगार दत्ता सामंतांच्या मागे संपावर गेले, तरी मान्यता दुसऱ्याच युनियनकडे राहिली.

संप मोडला, गिरण्या एकामागून एक बंद पडल्या, आणि त्यांखालच्या सुमारे सहाशे एकर जमिनीला सोन्याचा भाव आला. १९९१ च्या नियमावलीने या जमिनीची वाटणी ठरविली होती: साधारण एक हिस्सा महापालिकेला मोकळ्या जागेसाठी, एक 'म्हाडा'ला घरांसाठी आणि एक मालकाला. २००१ मध्ये नियम बदलला. वाटणी फक्त आधीपासून मोकळ्या असलेल्या जमिनीची. शेड पाडून मोकळी होणारी जमीन हिशेबातून वगळली. गिरणीच्या आवारात शेडच शेड! उद्याने आणि घरे यांचा वाटा आटून गेला. उच्च न्यायालयाने २००५ मध्ये लोकांच्या बाजूने निकाल दिला. २००६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तो फिरविला.

आज तेथे उभे असलेले मनोरे पाहून लोक म्हणतात, ही बाजाराची किमया. मंडळी, ती 'मोकळी' या एका शब्दाच्या अर्थाची किमया आहे, आणि तो अर्थ सरकारी कागदावर ठरला.

आपल्या आठवडे बाजारातसुद्धा वजनावर सरकारी शिक्का असतो, म्हणून तर गिऱ्हाईक निर्धास्त असते. सरकार बाजारात असतेच. ते कोणाचे ऐकते, एवढाच प्रश्न. धनवंत आपले म्हणणे बंद दाराआड सांगतो. आपल्यापाशी संघटना आहे आणि डोळे आहेत. म्हणून नियमाचा मसुदा हरकती-सूचनांसाठी जाहीर होईल तेव्हा तो वाचा, चारजणांना वाचून दाखवा, आणि मुदतीच्या आत हरकत नोंदवा. मुदत टळल्यावर काढलेला मोर्चा फार लांबचा पडतो, हे आम्ही चालून पाहिले आहे.