ग्वाटेमालात वावरताना



ग्वाटेमाला हे नाव मी प्रथम ऐकलं ते भूगोलाच्या तासाला नव्हे, तर सांगलीच्या आमच्या दुकानात. अण्णांचा, म्हणजे माझ्या वडिलांचा, मसाल्याचा व्यापार होता. १९८० नंतरच्या दशकात वेलदोड्याचा भाव गडगडला की अण्णा वही मिटायचे आणि म्हणायचे, "ग्वाटेमालानं मारलं!" आपल्या पश्चिम घाटातला वेलदोडा विसाव्या शतकाच्या सुरुवातीला तिकडच्या डोंगरात लावला गेला आणि पुढे निर्यातीत त्या देशानं आपल्याला मागे टाकलं. गंमत म्हणजे तिथली माणसं तो फारसा खात नाहीत. बहुतेक माल अरब देशांत जातो. ज्या देशानं अण्णांची झोप उडवली तो एकदा बघायचा, असं माझ्या मनात फार दिवस होतं.

२०१९ च्या जानेवारीत तो योग आला. माझी थोरली बहीण, आमची अक्का आणि मी, तिच्या मुलाकडे ह्यूस्टनला गेलो होतो. तिथून ग्वाटेमाला विमानानं तीनेक तासांवर. भाच्यानं माहिती वाचली आणि म्हणाला, "मावशी, नका जाऊ. खून, लूटमार, भूकंप, ज्वालामुखी, सगळं आहे तिथे." त्याचं काही खोटं नव्हतं. तरी आम्ही गेलो, तीन आठवडे राहिलो आणि धडधाकट परत आलो. ते कसं, आणि आमचं काय चुकलं, हे आज सांगायचं आहे.

सुरुवात कागदपत्रांपासून. व्हिसाचे नियम बदलत असतात, म्हणून एजंटवर विसंबू नये, दिल्लीतल्या ग्वाटेमालाच्या दूतावासात विचारावं. अमेरिकेत नुसतं विमान बदलायचं असलं तरी अमेरिकेचा व्हिसा लागतो, हे पुष्कळांना ऐन वेळी कळतं. ग्वाटेमाला, एल साल्वादोर, होंडुरास आणि निकाराग्वा या चार देशांत मिळून पर्यटकाला नव्वद दिवस मिळतात. एका देशातून दुसऱ्यात गेलं म्हणून मोजणी पुन्हा सुरू होत नाही. २०११ पासून राजधानीत आपला भारतीय दूतावास आहे. त्याचा फोन नंबर मोबाइलमध्ये आणि कागदावर, दोन्हीकडे लिहून ठेवावा. मोबाइल चोरीला गेला तर कागदच कामाला येतो.

राजधानीत विमान दिवसा उतरेल असं बघावं. शहर झोनमध्ये विभागलेलं आहे. काही झोन आपल्यासारख्यांनी फिरण्याजोगे, काहींत स्थानिक माणूसही अंधार पडल्यावर जात नाही. टॅक्सी रस्त्यावर हात दाखवून थांबवू नये. हॉटेलला सांगावं, ते बोलावून देतात. बहुतेक पर्यटक विमानतळावरून थेट तास-दीड तासावरच्या आंतिग्वा गावी जातात. आम्हीही तेच केलं.

आंतिग्वा ही जुनी राजधानी. १७७३ च्या भूकंपात ती उद्ध्वस्त झाली, म्हणून राजधानी हलवली. मोडक्या चर्चचे अवशेष अजून तसेच उभे आहेत. इथे स्पॅनिश शिकवणाऱ्या शाळा पुष्कळ. एका विद्यार्थ्याला एक शिक्षिका, आणि राहायची सोय एखाद्या कुटुंबात. आमच्या घरमालकीणबाईंना सगळे 'दोन्या' म्हणत, आपल्याकडच्या 'बाई'सारखं. पहिल्याच संध्याकाळी दोन्यांनी आम्हा दोघींना स्वयंपाकघरात बसवलं आणि माझ्या गळ्याकडे बोट दाखवून विचारलं, "हे सोनं आहे?"

मंगळसूत्र होतं. तोवर मी ते ऑपरेशनच्या वेळी सोडून कधी काढलेलं नव्हतं. दोन्या म्हणाल्या, "इथे गळ्यातलं ओढतात. कोणी हत्यार दाखवलं तर वाद घालायचा नाही, द्यायचं. पण देववणार नसेल अशी वस्तू अंगावर ठेवायचीच कशाला?" रात्रभर विचार करून सकाळी मी ते काढून त्यांच्या लोखंडी कपाटात ठेवलं आणि काळ्या मण्यांचा साधा सर घातला. अक्कानं बांगड्या काढल्या. पैसेही त्यांनी वाटून ठेवायला लावले. दिवसाच्या खर्चापुरते वरच्या खिशात, बाकीचे कपड्याच्या आत कमरेच्या पट्ट्यात. तिथलं चलन केत्साल, आणि डॉलरला साधारण साडेसात-पावणेआठ केत्साल येतात. डॉलरची नोट जरा फाटलेली वा मळकी असली की कोणी घेत नाही. एटीएम रस्त्यावरचं टाळावं, बँकेच्या आतलं वापरावं.

त्याच बाईंनी अंगण दाखवलं. "जमीन हलली तर इथे यायचं. चप्पल आणि बॅटरी उशाशी ठेवून झोपायचं." १ फेब्रुवारीला सकाळी दहाच्या सुमारास मेक्सिकोच्या सीमेकडे खरोखरच मोठा भूकंप झाला. हादरा आंतिग्वालाही जाणवला. माझ्या शिक्षिकेनं बोलता बोलता वही मिटली आणि माझा हात धरून मला मोकळ्यात नेलं. १९६७ च्या कोयनेच्या भूकंपात, पहाटेच्या अंधारात, अण्णांनी आम्हाला असंच हाताला धरून बाहेर आणलं होतं. मी तेव्हा दहा वर्षांची होते.

गावातून फुएगो ज्वालामुखी दिसतो. आम्ही होतो तेव्हा तो दिवसातून अनेकदा धूर सोडी. गावकरी मानही वर करीत नसत. पण आदल्याच वर्षी, ३ जून २०१८ ला, त्याच्या उद्रेकात सान मिगेल लोस लोतेस ही वस्ती तापलेल्या राखेखाली गाडली गेली होती. शेजारच्या आकातेनांगोवर तरुण मंडळी मुक्कामाला जातात. तो जवळजवळ चार हजार मीटर उंच आहे. २०१७ च्या जानेवारीत तिथे सहा स्थानिक गिर्यारोहक थंडीनं गारठून मेले. उष्ण कटिबंधातला देश म्हणून पातळ कपड्यांत चढू नये, आणि वाटाड्याशिवाय तर मुळीच चढू नये. वाटाड्या परत फिरू म्हणाला की फिरावं. आम्ही दोघींनी डोंगर खालूनच पाहिला.

खाण्याचं थोडक्यात सांगते. नळाचं पाणी प्यायचं नाही. आम्ही शाकाहारी. मांस नको म्हटलं की ताटात कोंबडी येई, कारण त्यांच्या लेखी मांस म्हणजे गाईचं किंवा डुकराचं. म्हणून कोंबडीही नको, मासेही नकोत, असं एकेक नाव घेऊन सांगावं लागतं. घेवड्याच्या उसळीत पुष्कळदा डुकराची चरबी असते, तेही विचारावं. मक्याच्या तोर्तिया मात्र चुन्याच्या पाण्यात शिजवलेल्या मक्याच्या, हातावर थापलेल्या. संध्याकाळी तो थापण्याचा आवाज घराघरांतून आला की सांगलीची आठवण येई.

आता आमच्या चुका.

पहिली बसची. अमेरिकेतल्या शाळांच्या जुन्या बस तिथे रंगवून, चकचकीत सजवून चालवतात. दोन्यांनी बजावलं होतं की लांबच्या प्रवासाला पर्यटकांच्या छोट्या व्हॅननं जा. आम्हाला बस आवडली, भाडंही कमी. अक्कानं पिशवी वरच्या फळीवर ठेवली. उतरताना पिशवी नव्हती. चष्मा गेला, शंभर डॉलर गेले आणि रक्तदाबाच्या साऱ्या गोळ्या गेल्या. त्या बंदोबस्तात निम्मा दिवस गेला. तेव्हापासून औषधं दोन ठिकाणी विभागून ठेवते. दोन्या रागावल्या नाहीत. म्हणाल्या, "तुमची पिशवी गेली. या बसच्या ड्रायव्हरांकडून टोळ्या हप्ता मागतात. नाही दिला तर गोळी घालतात." त्या देशात कित्येक बसचालक असे मारले गेले आहेत. बस धोक्याची म्हणतो तेव्हा आपल्यापेक्षा जास्त धोक्यात कोण बसलेलं असतं, हे मला तेव्हा कळलं.

दुसरी चूक जास्त गंभीर. चिचिकास्तेनांगोला गुरुवारी आणि रविवारी मोठा बाजार भरतो. माया जमातींच्या बायका हातमागावर विणलेले रंगीत झगे घालून येतात. एका दुकानापाशी तीन-चार वर्षांची गोड मुलगी बसली होती. मी तिच्याकडे बघून हसले आणि कॅमेरा वर केला. आईनं झटक्यात मुलीला शालीखाली ओढलं. शेजारच्या दोन म्हाताऱ्या उठून उभ्या राहिल्या. कोणी ओरडलं नाही, पण भोवतीची बोलणी थांबली. आमचा ड्रायव्हर गर्दीतून धावत आला. "कॅमेरा पिशवीत टाका. माफी मागा आणि चला," एवढंच म्हणाला. माफी मागताना माझा आवाज फुटेना.

व्हॅनमध्ये बसल्यावर त्यानं सांगितलं. २००० सालच्या एप्रिलमध्ये, तोदोस सांतोस या डोंगरातल्या गावी, परदेशी लोक मुलं पळवतात अशी अफवा होती. बाजारात जपानी पर्यटक फोटो काढत होते. जमाव बिथरला आणि त्यांतला एक पर्यटक ठार झाला. आणि त्यांना घेऊन आलेला ग्वाटेमालाचाच बसचालक, तोही मारला गेला. हे सांगताना आमचा ड्रायव्हर समोर रस्त्याकडे बघत होता. मला मागे बसून त्याची मान तेवढी दिसत होती.

ती अफवा खोटी होती, पण भीती आकाशातून पडलेली नव्हती. १९६० ते १९९६ तिथे यादवी युद्ध चाललं. दोन लाखांहून अधिक माणसं मेली किंवा बेपत्ता झाली, असा सत्यशोधन आयोगाचा अंदाज आहे. त्यांत बहुसंख्य माया होते. पुढे दत्तक मुलांचा धंदा झाला. २००७ च्या सुमारास वर्षाला चार हजारांहून जास्त मुलं परदेशी जात. काही आयांना फसवलेलं होतं, काही मुलं चोरलेली होती. त्या वर्षाच्या अखेरीस कायदा बदलला आणि ते थांबलं. अशा ठिकाणी अनोळखी बाई लेकराकडे बघून हसली आणि यंत्र रोखलं, तर आईनं काय समजावं? मी तीन आठवडे माझी पर्स, माझा पासपोर्ट सांभाळत होते. तिथली आईही तिच्या परीनं तेच करत होती, माझ्यापासून.

म्हणून माझा पहिला सल्ला कमरेच्या पट्ट्याचा नाही. मुलांचे फोटो काढू नयेत. मोठ्यांचाही आधी विचारून काढावा, आणि नाही म्हटलं तर तिथेच सोडावं. पोराच्या गालाला हात लावायची आपली सवय आवरावी. दुकानात शिरताना आधी 'बुएनोस दिआस' म्हणावं, मग भाव विचारावा. रस्ता, वेळ, वाट यांविषयी घरमालकीण, शिक्षिका, ड्रायव्हर सांगतील ते ऐकावं. आतितलान तळ्याकाठच्या पायवाटांवर लूटमार होते, म्हणून तिथे गावोगावी लाँचनंच जावं, तेही सकाळी. दुपारी वारा सुटतो आणि पाणी खवळतं. गावातल्या गावात आपली ओळखीची रिक्षा आहे. तिला टुकटुक म्हणतात, पुष्कळशा बजाजच्याच. मीटर नसतो, भाडं आधी ठरवावं. पर्यटकांच्या मदतीसाठी प्रोआतुर ही सरकारी सेवा आहे, तिचा नंबर १५००. पोलिसांचा ११०, अग्निशमन आणि रुग्णवाहिकेचा १२२.

निघायच्या आधीच्या रविवारी आम्ही त्याच ड्रायव्हरबरोबर पुन्हा त्या बाजारात गेलो. ती आई तिथेच होती. मी कॅमेरा आणलाच नव्हता. तिच्याकडून एक विणलेला रुमाल घेतला, भावाची घासाघीस केली नाही. तिनं मला ओळखलं की नाही, कोण जाणे. मुलगी आईच्या पाठीमागे बसून कणीस खात होती. मी तिच्याकडे फार वेळ बघितलं नाही.

तो रुमाल माझ्या टेबलावर आहे. लोक विचारतात, बाजाराचे फोटो कुठे आहेत? ते नाहीत. पण जायचं असेल तर जरूर जा. देश सुंदर आहे आणि माणसं जीव लावणारी आहेत.

(नभोवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)